बारा तारा आणि एक हिरवा टॅग

माझ्या नजरेतून चुकीचा माल सुटत नाही! वाळूजच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. मी हिरवा ‘ओके’ टॅग लावला की त्या पार्टबद्दल मॅनेजरसुद्धा शंका घेत नाही. मग एक जुनी गिटार दुरुस्त करणं म्हणजे माझ्यासाठी काय? डाव्या हाताचा मळ!

गिटारीचं कारण माझे सासरे, सर्जेरावमामा. आमच्या भागातले नावाजलेले गायक. जयंतीला त्यांची गायन पार्टी उभी राहिली की गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. पार्टीत घरच्या सगळ्यांना काम असतं. माझी बायको मेघा कोरसला, मामांचे दोस्त कडुबाकाका ढोलकीला. आणि जावई? जावयाला गेल्या वर्षी माईकची वायर धरायला उभं केलं होतं! अख्खा कार्यक्रम मी वायर धरून होतो, आणि व्हिडिओत माझं फक्त कोपर आलं. या वर्षी मला स्टेजवर बसायचं होतं. मामांच्या शेजारी, वाद्य घेऊन! कॉलेजात मला गिटार यायची. म्हणजे तीन कॉर्ड यायचे.

शहागंजात जुन्या सामानाच्या दुकानात ती दिसली.

“बारा तारों की है, साब. ऐसी चीज अब बनतीच नै.”

“मग आवाज असा का येतोय?”

“पुरानी है ना!”

“आणि तारा अडकवायची ही पट्टी उचललेली का आहे?”

“वोइच तो बोल रहा मैं, पुरानी है!”

दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर, म्हणजे माणूस खात्रीचा. मी घेऊन टाकली.

घरी आल्यावर आधी तपासणी. बारा तारा, दोन-दोनच्या जोड्या. मी जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला आणि उडालोच! चार जोड्यांत एक तार जाड, तर दुसरी अगदी बारीक!

“मेघा, हे बघ! जोडीतल्या तारा सारख्या नाहीत. सरळ सरळ रिजेक्शन!”

“अहो, जोडीतले दोघं कुठं सारखे असतात का?” तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आपलंच घ्या.”

मी दुर्लक्ष केलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, तर तिथंही सगळे जाड-बारीक तारा लावून बसलेले! मी पार गोंधळलो. इतकी माणसं एकाच वेळी कशी चुकतील? मग उजेड पडला. यांच्याकडे मायक्रोमीटर कुठं आहे!

सरळ जाऊन साध्या गिटारीचे, सहा-सहा तारांचे दोन सेट आणले. सहा दुणे बारा! आता प्रत्येक जोडी म्हणजे जुळ्या बहिणी. उचललेल्या पट्टीखाली लाकडाचा गोंद भरला आणि ती नीट बसावी म्हणून वर स्वयंपाकघरातला पाटा ठेवला. गोंद वाळेपर्यंत घरात ठेचा बंद. मग पाटा काढला, तारा ताणून बसवल्या आणि पुन्हा मोजल्या. सगळ्या बरोबर! पट्टीवर मी आपल्या हातानं हिरवा ‘ओके’ टॅग चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई, भामाबाई, आल्या. गिटारीवर हात फिरवता फिरवता त्या थांबल्या.

“काय गं माय, हिचं पोट लई फुगलंय!”

खरंच! पुढची फळी पुरीसारखी वर आली होती.

“वायगोळा असंल,” त्या म्हणाल्या. “ओवा शेकून लावा.”

“मामी, लाकूड आहे ते!”

“पण अहो, काल तर सपाट होती,” मेघा म्हणाली.

जाड तारांची ओढ जास्त झाली की काय? पण टॅग तर लागला होता! लावलेला टॅग काढायचा म्हणजे आपणच आपल्याला खोटं पाडायचं. “हवामान!” मी म्हणालो आणि विषय मिटवला.

जयंतीच्या संध्याकाळी मामांनी मला आपल्या शेजारी बसवलं. खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला.

“पाव्हणं, भिऊ नका,” ते हळूच म्हणाले. “निस्तं माझ्या मागं मागं या.”

मी माईक गिटारीच्या तोंडाशी ओढला. ऐकू तर यायला हवं! गाणं रंगलं. मामांनी सूर वर नेला, मी जोर लावला, आणि... धडाम्!

पट्टी उपटून बाराच्या बारा तारांसकट उडाली, आणि माईकनं तो आवाज अख्ख्या गल्लीला ऐकवला! कुणी म्हणे फटाका, कुणी म्हणे ट्रान्सफॉर्मर गेला! कडुबाकाका दचकून उठले आणि त्यांची ढोलकी गडगडत स्टेजखाली!

गाणं अर्ध्यात, ताल गायब. आता गाणं थांबणार आणि ते माझ्यामुळे! मी डोळे मिटून घेतले. पण मामा थांबले नाहीत. गाता गाताच त्यांनी माझ्या मांडीवरची गिटार ओढली, पालथी घातली आणि तिच्या पाठीवर असा ठेका धरला की माणसं उठून उभी राहिली. शिट्ट्या! टाळ्या! वन्स मोर!

“जावयानं लई डोकं लावलं!” सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. “गिटारीत ढोलकी लपवून आणली व्हती!”

गाणं संपताच पलीकडच्या गल्लीतला एक कार्यकर्ता माझ्याकडे धावत आला. “सर, आमच्याकडं बी करा की हा आयटम! ते फुटायचं कितव्या कडव्याला ठेवता?”

मी मामांकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी तुटलेली पट्टी उचलली, डोळ्यांजवळ धरून टॅग वाचला. मग माईकची वायर माझ्या हातात दिली. हिरवा टॅग नखानं अलगद सोडवला आणि वायरवर, माझ्या मुठीशेजारी, नीट दाबून चिकटवला.

“हां पाव्हणं, आता ओके!” ते म्हणाले आणि पुढचं गाणं सुरू केलं.

व्हिडिओत या वर्षीही माझं कोपरच आलंय. पण टॅग मात्र स्पष्ट दिसतो!