खोकल्याची खुर्ची

देशाची आरोग्यव्यवस्था लोकाभिमुख करण्याचे एकदाचे ठरले आणि प्रत्येक दवाखान्याच्या सुधारणा समितीवर एक खराखुरा रुग्ण असावा, असा आदेश निघाला. आमच्या गल्लीतल्या काकूंचे यजमान नेमके तेव्हाच खोकल्याच्या औषधासाठी रांगेत उभे होते. कुलपे दुरुस्त करणारा हा साधा माणूस औषधाऐवजी सदस्यत्व घेऊन घरी आला.

"अहो, औषध कुठंय?" काकूंनी विचारले.

"औषध कसलं घेऊन बसलीस? बरा झालो तर रुग्ण कसला? पद जाईल माझं!"

चार दिवसांचे खूळ असेल, असे काकूंना वाटले. पण पहिल्याच बैठकीत ते खोकले आणि इतिवृत्तात 'समाजाने तीव्र भावना व्यक्त केल्या' अशी नोंद झाली. अध्यक्षांनी स्वतः उठून पाणी दिले. जन्मात ज्यांना कुणी 'बसा' म्हटले नव्हते, त्यांना हातांची खुर्ची मिळाली. गल्ली 'आपला माणूस' म्हणून मिरवू लागली. घरी पाठ चोळायला मात्र एकट्या काकू.

शेवटी काकू दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर भले, पण नियमांनी जखडलेले.

"काकू, समितीच्या सदस्याला मी औषध दिलं तर तो समितीवर दबाव ठरतो. उद्या माझीच चौकशी लागायची."

"आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तर?"

"तर पद रिक्त होतं. त्याची तरतूद आहे."

खोकल्यात रक्त दिसले तशी यजमानांना विभागीय समितीवर बढती मिळाली. वर जायचे तर आजारही त्या पातळीचा लागतो. पुढे ताप हटेना, तेव्हा थेट राष्ट्रीय परिषदेत भाषण ठरले. काकूंनी अक्षरशः पाय धरले.

"सोडा हो ते! मला समिती नको, तुम्ही हवे आहात."

"वेडी आहेस का? एवढ्या लोकांचा भरवसा आहे माझ्यावर," ते धापा टाकत म्हणाले आणि कोट मागू लागले.

परिषदेत ते व्यासपीठावर उभे राहिले. एक शब्द फुटला नाही. नुसते खोकत राहिले आणि खोकता खोकता टेबलावरच कोसळले. सभागृह भारावून गेले. इतके परखड मनोगत आजवर कुणी मांडलेच नव्हते.

"अहो, कुणीतरी डॉक्टर या ना!" पहिल्या रांगेतून काकू जिवाच्या आकांताने ओरडल्या.

सभागृहात डॉक्टरच डॉक्टर होते. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाहेरच्या मोठ्या पडद्यासमोर तुम्ही-आम्हीही होतोच की, डोळे पुसत. एवढ्या वर आपला माणूस पोचला, म्हणून आपण इतक्या टाळ्या वाजवल्या की काकूंचे ओरडणे कुणालाच ऐकू आले नाही.