वाळूतले ट्रंक कॉल

धारपकाकूंना कोरी जागा चालत नसे. समुद्रकिनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधणारे हौशी लोक सिंगापुरात बरेच आहेत, आणि ते सगळे आधी कोणी न फिरलेली जागा पकडायला धडपडतात. काकूंचं उलटं. त्यांच्या आधी कोणीतरी तिथे यंत्र फिरवून, वाळू उकरून, काही नाही म्हणून निघून गेलेलं असलं पाहिजे. त्याच्या पावलांचे ठसे अजून ओले असले तर फारच छान. मग काकू पदर कमरेला खोचून, पायांत सुनेचे जुने स्पोर्ट्स शूज आणि अंबाड्यावरून हेडफोन चढवून त्याच ठशांवरून सावकाश चालायला लागत.

"घाईत गेलाय मेला," त्या म्हणत. "एकदा एंगेज्ड लागला की लोक रिसीव्हर ठेवून देतात. नंबर पुन्हा पुन्हा फिरवायचा असतो."

ही भाषा कळायला काकूंची नोकरी माहीत हवी. त्या सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तरुणपणी बोर्डासमोर बसल्या त्या रिटायर होऊनच उठल्या. सगळ्या गावाची लग्नं, बाळंतपणं, परीक्षेचे निकाल त्यांच्या कानावरून गेलेले. धारपकाका गेल्यावर मुलानं, मंदारनं, त्यांना सिंगापूरला आणलं. मरीन परेडच्या कॉन्डोत आमचे आणि त्यांचे दरवाजे समोरासमोर. मंदार आणि मी पाया लेबार भागात जवळजवळच्या इमारतींत कामाला. तो आयटीत, मी अकाउंट्समध्ये.

यंत्र काकूंकडे आलं ते असंच. परदेशातली माणसं घर बंद करून परत जायला निघाली की कुंड्या, खुर्च्या, टोस्टर शेजाऱ्यांत वाटून टाकतात. खालच्या मजल्यावरच्या एका ऑस्ट्रेलियन माणसानं जाताना मंदारच्या हातात मेटल डिटेक्टर ठेवला. मंदारनं तो स्टोअररूममध्ये उभा केला. काकूंनी झाडता झाडता बटण दाबलं, हेडफोन कानाला लावला आणि खाली पडलेल्या चमच्यावरून यंत्र फिरवलं. "इतक्या वर्षांनी कानात कोणीतरी बोललं रे," असं त्या मला दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाल्या.

त्यांच्या घरात कानाला हेडफोन सगळ्यांच्याच असे. मंदारचे रात्रीचे कॉल, सून सायलीचे पॉडकास्ट, आणि नात इराचं काहीतरी. "इरा, पोहे खातेस का गं?" या प्रश्नाला बऱ्याच वेळानं "डोन्ट वॉन्ट लाह" असं अस्सल सिंगापुरी इंग्रजीत उत्तर यायचं. काकूंचा राग नव्हता. "लाइन बिझी आहे," एवढंच म्हणायच्या.

सुरुवातीला लागणारी हत्यारं त्यांनी स्वयंपाकघरातूनच उचलली. उकरायला उलथनं, वाळू चाळायला झारा. सायलीनं झाऱ्यावरून एकदा जरा मोठा आवाज केला तेव्हा काकू माझ्या बायकोला, मेधाला, घेऊन लिटिल इंडियाला गेल्या. तिथल्या त्या चोवीस तास उघड्या असलेल्या मोठ्या दुकानात भांड्यांच्या मजल्यावर त्या प्रत्येक झाऱ्यावर दहा सेंटचं नाणं ठेवून तो गदागदा हलवून बघत होत्या. नाणं खाली पडलं की झारा नापास. तिथल्या तमिळ सेल्समननं अखेर हिंदीत विचारलं, "माताजी, इसमें क्या तलना है?"

"सिक्के," काकू म्हणाल्या आणि पुढचा झारा उचलला.

सापडलेल्या वस्तूंचं वर्गीकरणही एक्स्चेंजचंच. बाटलीचं पत्र्याचं बूच म्हणजे राँग नंबर. वरवर पडलेलं आजचं नाणं म्हणजे लोकल. आणि खोल, अगदी पुसट, ऐकू आल्यासारखं वाटतंय की भास होतोय असा आवाज म्हणजे लांबच्या गावाहून येणारा ट्रंक कॉल. ट्रंक कॉल लागला की काकू डोळे मिटून, श्वास रोखून उभ्या राहत. आमच्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर एवढे सायकलवाले, बार्बेक्यू करणारी कुटुंबं, वरून चांगीला उतरणारी विमानं; त्या गोंधळात एक बाई साडी नेसून स्तब्ध उभी. एकदा एका सायकलवाल्यानं त्या ध्यान करताहेत समजून घंटी न वाजवता लांबून वळसा घेतला.

अशाच एका ट्रंक कॉलवर त्यांना पहिलं जुनं नाणं मिळालं. आता चलनात दिसत नाही असं, समुद्रघोडा कोरलेलं दहा सेंटचं. त्यांनी ते चिंच लावून चकचकीत घासलं आणि मजल्यावर सगळ्यांना दाखवलं.

ते नाणं ज्यांच्या पावलांच्या ठशांवर सापडलं, ते होते अंकल लिम. जवळच्या एचडीबी ब्लॉकमध्ये, म्हणजे सरकारी इमारतीत, एकटे राहणारे रिटायर्ड टॅक्सीवाले. हाफ पँट, गळ्यात पंचा, आणि हातात वर्षानुवर्षं सांभाळलेलं महागडं यंत्र. त्या किनाऱ्यावर त्यांचा दरारा होता. ते चालून गेले की बाकीचे लोक तिथे यंत्र लावत नसत, कारण काही उरलेलंच नसे. काकू मात्र नेमक्या त्यांच्याच मागे.

अंकलनी पहिल्यांदा सौम्यपणे सांगितलं, "आंटी, हिअर आय सर्च ऑलरेडी. नो मोअर."

काकूंनी एक्स्चेंजच्या इंग्रजीत उत्तर दिलं, "प्लीज होल्ड द लाइन." आणि उकरायला बसल्या.

समुद्रघोडा बघून अंकल खट्टू झाले. पण खरा धक्का त्यांना चकचकीत नाणं बघून बसला. जुनं नाणं घासायचं नसतं, घासलं की संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत संपते. "अय्यो आंटी, व्हाय यू वॉश? ऑल स्पॉइल ऑलरेडी." काकूंचं म्हणणं, रस्त्यावरचं मळकं नाणं घरात देवासमोर ठेवायचं कसं? या विषयावर दोघांचं पुढे कित्येक रविवार भांडण चाललं. दोघांनाही दुसऱ्याचं निम्मंच कळत असल्यामुळे ते कधी संपायचं कारणच नव्हतं. मग अंकल फ्लास्कमधून कॉफी आणायला लागले आणि काकू डब्यातून शंकरपाळे. भांडण बाकावर बसून व्हायला लागलं. चालायची पद्धत मात्र तीच राहिली. पुढे अंकल, मागे काकू.

एका सुट्टीच्या दिवशी अंकल काकूंना चांगीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. तो किनारा जुना, तिथे ब्रिटिशांच्या काळातली नाणी मिळतात. तो अंकलचा खास इलाका, आणि तिथे कोणाला नेणं हा मोठा मान होता. पिशव्या धरायला म्हणून काकूंनी मला बरोबर घेतलं.

सकाळभर दोघं फिरत होती. मी झाडाखाली बसून बघत होतो. अंकल एका ओंडक्याजवळून यंत्र फिरवत सरळ पुढे गेले. मागून काकू आल्या आणि तिथल्या तिथे थबकल्या. त्यांनी हेडफोनची वायर काढली. यंत्राचा आवाज मोकळा झाला आणि मला झाडाखाली बसून ऐकू आला. दारावरची बेल वाजावी तसा खणखणीत.

"अंकल," काकू हसत ओरडल्या, "लोकल कॉल! यू मिस."

अंकलनी मागे वळून पाहिलं नाही. काकूंनी पुन्हा हाक मारली. शेवटी मी धावत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते आले. काकूंनी उलथनं वाळूत घातलं आणि बोटभर खोलीवरून एक चौकोनी नाणं काढलं. गोलसर कोपऱ्यांचा, मलायाच्या काळातला एक सेंट. काकूंना असं नाणं कधीपासून हवं होतं. त्यांनी ते विजयानं अंकलच्या तोंडासमोर धरलं.

अंकलनी नाणं पाहिलं. मग खड्डा पाहिला, आणि त्याच्या शेजारून गेलेले स्वतःच्या पावलांचे ठसे पाहिले. त्यांनी काकूंचं यंत्र मागून घेतलं, नाणं वाळूवर ठेवून त्यावरून फिरवलं. आवाज झाला. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "नाऊ गॉट साउंड?"

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी मान हलवली.

परतीच्या बसमध्ये अंकल खिडकीबाहेर बघत बसले होते. उतरताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इअर नो गुड ऑलरेडी. मशीन सेल, बेटर." काकूंनी त्या नाण्याचं काय केलं हे मी विचारलं नाही. चिंच लावलेली काही दिसली नाही.

पुढच्याच आठवड्यात काकूंचं यंत्र बिघडलं.

मजल्यावर सगळ्यांना हळहळ वाटली. मंदारनं ते दोनदा बंद करून चालू करून बघितलं. त्याच्या ज्ञानाप्रमाणे तो एवढंच करू शकत होता. "जाऊ दे, म्हातारं झालं ते," काकू म्हणाल्या आणि यंत्र पुन्हा स्टोअररूममध्ये उभं केलं. तरीही रविवारी सकाळी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन त्या बाहेर पडायच्या. आम्हाला वाटलं, फिरायला जात असतील.

मंदारला आईचं वाईट वाटत होतं. एका शनिवारी काकू देवळात गेल्या असताना त्यानं यंत्र माझ्याकडे आणून दिलं. "बघ ना जरा. तुझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे." आमच्या मजल्यावर एवढ्या पात्रतेवर माणूस मेकॅनिक ठरतो. मी खालचं झाकण उघडलं. आत बॅटऱ्या नव्हत्या. मी नव्या घातल्या, बटण दाबलं आणि मेधाच्या पातेल्यांवरून ते फिरवलं. सगळी पातेली बोलली. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं.

काकू बॅटऱ्या काढून विसरल्या असणार, असं मला वाटलं. रविवारी सकाळी ही आनंदाची बातमी द्यायला मी यंत्र खांद्यावर टाकून, हायवेखालच्या भुयारी वाटेनं किनाऱ्यावर गेलो.

त्या दोघांना मी लांबूनच ओळखलं, पण काहीतरी वेगळं दिसत होतं. काकू आज मागे नव्हत्या, अंकलच्या शेजारून चालत होत्या. यंत्र अंकलच्या हातात होतं आणि त्याचा हेडफोन काकूंच्या कानावर. वायर आखूड असल्यामुळे दोघांना पाऊल जुळवून चालावं लागत होतं. अंकल यंत्र डावीकडून उजवीकडे फिरवत होते आणि त्यांची नजर सारखी काकूंच्या चेहऱ्याकडे जात होती. काकूंनी बोट वर केलं की ते थांबत. बोट जरासं डावीकडे झुकलं की यंत्र डावीकडे जाई. मग काकू मान हलवत आणि अंकल गुडघ्यावर बसून खणायला लागत. काही हाती लागलं की उभं राहून ते स्वतःच्याच पंच्याला पुसून काकूंना दाखवत, आणि काकू ते असलं काही पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या कौतुकानं बघत.

मी जवळ गेलो. काकूंनी आधी मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावरचं यंत्र. त्यांनी हेडफोन मानेवर उतरवला आणि माझ्याकडे एक नजर टाकली. सांगलीत चालू कॉलमध्ये मध्येच बोलणाऱ्याला ही नजर दिसली असती तर त्यानं फोन जन्मात उचलला नसता.

अंकलनी यंत्राकडे बोट केलं. "आंटीज मशीन. रिपेअर ऑलरेडी?"

"नॉट येट, अंकल," मी मोठ्यानं आणि ओठ नीट हलवून म्हणालो. "पार्ट मस्ट कम फ्रॉम इंडिया."

"लाँग टाइम?"

"व्हेरी लाँग टाइम."

अंकलच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसेल असं वाटलं होतं. उलट ते खूश झाल्यासारखे वाटले. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला दोन पावलं बाजूला नेलं आणि माझ्या कानाजवळ येऊन कुजबुजले. त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे ती कुजबुज पलीकडच्या बार्बेक्यूवाल्यांपर्यंत गेली असावी.

"नेव्हर माइंड, लाह. डोन्ट रिपेअर सो फास्ट. आंटी अ‍ॅट होम नोबडी टॉक टु हर. सो आय लेट हर यूज माइन."

मी काकूंकडे पाहिलं. त्या समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या आणि अंबाड्यातला एक आकडा काढून पुन्हा खोचत होत्या. त्यांना ते बराच वेळ जमत नव्हतं.

अंकल परत गेले. काकूंनी हेडफोन कानावर चढवला, डोळ्यांच्या कडा पदरानं टिपल्या आणि वायर ताणली जाऊ नये म्हणून त्यांच्या आणखी जवळ सरकल्या. दोघं चालायला लागली. दहाबारा पावलांवर काकूंचं बोट वर गेलं आणि अंकल तिथेच थांबले.