फायनल नाही

आमच्या गल्लीतले मन्मथअप्पा कुणालाही डिझाइन पाठवतात, तेव्हा त्यावर लाल, तिरक्या, जाडजूड अक्षरांत ‘फायनल नाही’ असं लिहिलेलं असतं. तेही थेट तोंडावर. नवरीचं नाक, क्लासमध्ये पहिल्या आलेल्या पोराचे डोळे, डाळमिलवाल्याची मिशी, कुणाचीही गय नाही.

“कोपऱ्यात लिवलं की लोक कोपरा कापत्यात,” अप्पा सांगतात. “तोंड कोण कापतंय?”

लातुरात अप्पा घरबसल्या बॅनर आणि लग्नपत्रिका करतात, एकटेच. एका क्लासमधली ऑपरेटरची नोकरी सोडून मीही तेच करायचं ठरवलं आणि धंदा शिकवा म्हणून त्यांच्या दारात गेले. मी गिऱ्हाइकं पळवायला आलेय, हा संशय अप्पांनी लपवलाही नाही. शिकवणी ओट्यावर, कॉम्प्युटर आत आणि मधलं दार बंद. पाणी मागितलं तर तांब्या बाहेर यायचा. मला राग यायचा, पण नोकरीवर परत जायला तोंड नव्हतं. अप्पांनी शिकवलं नसतं तर माझं अवघड होतं.

सल्ले मात्र अस्सल होते. “‘घरचंच काम हाय’ म्हणलं की इसार आधी घे. ‘जरासा बदल’ म्हणणारा अख्खा दिवस खातंय. आन् फोनवरलं काही खरं मानू नको, पोरी. फोनवर लोक काहीबी बोलत्यात.” गिऱ्हाइकाने स्वतःच्या बोटाने ‘फायनल’ टाइप केल्याशिवाय ती लाल अक्षरं निघत नसत.

औशाच्या एका भावी नगराध्यक्षांना तेवढा दम निघाला नाही. त्यांच्या माणसांनी वाढदिवसाच्या बॅनरचा नमुनाच परस्पर छापून चौकात लावला. साहेबांच्या कपाळावर दिवसभर ‘फायनल नाही’. पुढे तिकीटही मिळालं नाही. माणसं भांडायला आली तर अप्पा शांतपणे म्हणाले, “मी तर आधीच लिवून दिलतं.”

परवा अप्पांना ताप भरला. नांदेडची एक पत्रिका त्याच दिवशी जायची होती. त्यांनी मला हाक मारली आणि पहिल्यांदाच आत घेतलं.

“इकडंतिकडं काय बघायलीस? पत्रिका पाठव.”

मी भिंतीकडे बघत होते. कॉम्प्युटरच्या वर शिवकांताकाकूंचा, अप्पांच्या बायकोचा, फोटो होता. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. कपाळावर विभूती, ओठांवर हसू, हार मात्र नव्हता. आणि चेहऱ्यावर तीच तिरकी, लाल अक्षरं.

घाईत नमुनाच छापला गेला असेल, असं मला वाटलं. पत्रिका पाठवून झाल्यावर मी म्हणाले, “अप्पा, मूळ फाइल इथंच असेल ना? अक्षरं काढून नवीन प्रिंट आणून देते.”

“काढायला मलाबी येतंय.” अप्पांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. “पाव्हण्यांनी लई लावून धरलं, म्हणून फोटो लावला. समदे हाव म्हणले. मी न्हाई म्हणलो अजून.”

मग फोटोकडे बघत म्हणाले, “दवाखान्यातून फोनवरच सांगितलतं, पोरी.”

मी उठले, तांब्या भरून त्यांच्या उशाशी ठेवला आणि सवयीने मधलं दार ओढायला लागले.

“राहू दे उघडं,” आतून अप्पा म्हणाले.