नालवाडीला लागणारी भरती

मी जोडकार्ड लिहिलं, ही चूक झाली. पाकीट लिहायला हवं होतं. पाकिटाला चिकटवायची सोय असते, आणि माझ्यासारख्याने जे लिहायचं ते चिकटवूनच पाठवावं.

कार्ड लिहिलं ते मालंडकरमुळे.

मालंडकर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचा, मी गणित. नालवाडीला आमच्या खोल्या शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत. तो कोकणातल्या एका जुन्या बंदरातला. रोज ओट्यावर उभा राहून पश्चिमेकडे, म्हणजे गोदाबाईच्या गोठ्याकडे, बघायचा आणि म्हणायचा, "भरती लागली."

नालवाडीहून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. आमच्याकडे भरती लागली तर ती फार तर धाम नदीला, तीही श्रावणात. पण हा घड्याळही न बघता सांगायचा. "तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. सोपं आहे हो."

भरती लागली की होड्या धक्क्याला लागतात. होड्या लागल्या की बंदरातली मांजरं गल्ल्यागल्ल्यांतून खाली उतरतात. म्हणून भरती लागली की हा बशीत दूधभात कालवून ओट्यावर ठेवायचा. अष्टमीला सहाला, नवमीला पावणेसातला. पौर्णिमेला सव्वा अकराला शाळेतून घरी पळायचा. हेडमास्तरांनी त्या दिवशी त्याला पहिला तास देणंच सोडलं. आणि नालवाडीची मांजरं, ज्यांच्या सात पिढ्यांनी समुद्र पाहिला नव्हता, ती रोज पाऊण तास उशिराने हजर. माझ्या वर्गातली मुलं घंटा झाल्यावरही वेळेवर येत नसत.

मग बशीभोवती मांजरं, मांजरांभोवती माणसं, आणि मध्ये मालंडकर.

"आमच्या बंदरावर मांजर कुणाचं नसतं. ते गावाचं असतं. अरबांच्या जहाजांतून आली, उंदरांसाठी. जहाजं गेली, ही राहिली. मासळीचा लिलाव सुरू होण्याआधी पहिली टोपली त्यांची. व्यापारी कितीही मोठा असो, थांबतो."

"अन् नाई थांबला तं?" गोदाबाई विचारायची. ती आम्हा दोघांकडे दूध घालायची.

"तर त्याला मासळी कोण देईल? आत्ता या घटकेला बघा, सुभेदार बोका कस्टमच्या पायरीवर बसला असेल. एक कान फाटका, पण रुबाब असा, की साहेब बाजूने जातो. आणि दर्यादौलत मांजरी होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला. ती खाली उतरत नाही. तिला वर नेऊन द्यावं लागतं."

लोक ऐकत राहायचे. आता खरं सांगायचं तर हे लोक माझे होते. मालंडकर येण्यापूर्वी संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसायचे आणि मी त्यांना कारंज्याचा वाघ सांगायचो. कारंज्याच्या रस्त्यावर ट्रकमधून मला वाघाची पाठ दिसली होती. निदान पिवळं काहीतरी दिसलं होतं. चार वर्षांत मी त्या पाठीला तोंड लावलं, तोंडाला डरकाळी लावली, शेवटी ड्रायव्हरला बेशुद्ध पाडून ट्रकही मीच चालवला. एवढा कष्टाने वाढवलेला वाघ, पण तो मांजरांपुढे टिकला नाही.

घरातही तेच. बायको भाकरी टाकता टाकता म्हणाली, "आज दर्यादौलतले पिल्लं झाले म्हंते."

"तुला कुणी सांगितलं?"

"मालंडकर भाऊजी. तीन हायेत. एक पांढरं."

लग्नाला अकरा वर्षं झाली, माझा वाघ नर की मादी हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

शेवटचा घाव शाळेत बसला. मी छडीच्या जोरावर जी पाऊणकी वर्षभर घोकून घेत होतो, ती सगळ्या वर्गाला एकदम तोंडपाठ. बारा पाऊणे नऊ, तेरा पाऊणे पावणेदहा. मी चाट पडलो. वर्ग म्हणाला, "भरतीसाठी, गुरुजी."

त्याच दिवशी पोस्टातून जोडकार्ड आणलं. अर्ध्यावर आपण लिहायचं, उरलेलं अर्धं समोरच्याने फाडून उत्तराला वापरायचं. त्या बंदराच्या पोस्टमास्तरांना लिहिलं: आपल्या गावी मांजरांना मासळीची पहिली टोपली देतात हे खरे काय? सुभेदार व दर्यादौलत या नावांची मांजरे आहेत काय? मालंडकर नावाच्या गृहस्थास आपण ओळखता काय? सार्वजनिक हितासाठी विचारीत आहे. कळावे.

आमच्या ओळीत निम्म्यांना वाचता येत नव्हतं. त्यामुळे पोस्टमन बळीरामची पद्धत अशी, की कार्ड आलं की ओट्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. लग्न, बाळंतपण, मयत, सगळं आम्हाला बळीरामच्या आवाजात कळायचं. गणिताच्या मास्तराने हे गणित मांडलं नव्हतं.

उत्तर आलं तेव्हा सगळे मालंडकरच्या ओट्यावर होते. मी माझ्या ओट्यावर, एकटा.

"गुरुजी, तुमचं कार्ड," म्हणत बळीरामने सुरुवातही केली. मी उठेपर्यंत तीन प्रश्न वाचून झाले होते, कारण पोस्टमास्तर व्यवस्थित माणूस. त्यांनी माझे प्रश्न पुन्हा लिहून खाली उत्तरं दिली होती.

"पहिल्या टोपलीची गोष्ट खरी आहे. मांजरे विपुल आहेत. परंतु सुभेदार व दर्यादौलत या नावांचे मांजर आज येथे एकही नाही."

मला गुदगुल्या झाल्या. मी मालंडकरकडे पाहिलं. तो खाली बघत होता. बळीराम वाचत राहिला.

"बाजारात चौकशी करता एक वृद्ध मासळीवाली म्हणाली, ही नावे पस्तीस वर्षांपूर्वी मालंडकरांच्या मुलाने ठेवली होती. आई वारल्यावर तो धक्क्यावर मांजरांच्या पंगतीतच जेवत असे. या मासळीवालीने दिलेला भात तो आधी त्यांना वाटत असे. आठव्या वर्षी त्याला मामाने घाटावर नेले. पुन्हा आला नाही. तो आपल्या माहितीत असल्यास म्हातारी विचारते, की आता तो कुणाबरोबर जेवतो."

बळीरामने कार्ड उलटून पाहिलं. मागे फक्त माझा पत्ता होता.

मालंडकर उठला, बळीरामच्या हातून कार्ड घेतलं आणि उजेडाकडे धरून पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती.

"मांजर बारा वर्षं जगतं, एवढं मला ठाऊक आहे हो," तो म्हणाला. "ती म्हातारी जिवंत आहे हे ठाऊक नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही मला. तुम्ही विचारलंत." आणि कार्ड पुढे करून, "हे कार्ड मी ठेवू?"

कार्डावर पत्ता माझा होता, पण मी मान हलवली. त्याने ते सदऱ्याच्या खिशात घातलं, पश्चिमेकडे बघितलं आणि दूधभात कालवायला आत गेला.

घरात बायकोने रात्रीच्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या, वांग्याची भाजी झाकली आणि सगळं घेऊन शेजारी निघाली. मी विचारलं, "आणि मी?"

"तुमी काऊन थांबले? तिथंच जेवून घेऊ सारे. भाऊजी एकटे जेवत नाई आजपासून."

मी मागोमाग गेलो. ओट्यावर पानं मांडली होती. गोदाबाई होती, बळीरामही थांबला होता. मालंडकर वाढत होता. कित्येक महिन्यांनी मी त्या ओट्यावर पाय ठेवला, कडेला एक रिकामी जागा पाहिली आणि अंग चोरून बसलो.

गोदाबाईने माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तिकडं सरका," ती म्हणाली. "थे मांजरीची जागा हाये."