बाळवालीसाठी पूल

खेळातल्या चार पात्रांपैकी तिघं नदी ओलांडत होती आणि चौथं दर वेळी बुडत होतं. कंपनीच्या दृष्टीने ही बाब गंभीर नव्हती. गंभीर एवढंच होतं, की ती तक्त्यात दिसत होती.

तक्ता समतोलबाईने केला होता. ऑफिसात तिला सगळे याच नावाने ओळखत. कोणत्या पात्राला किती ताकद द्यायची आणि त्याच्या वाटेत केवढा अडथळा ठेवायचा, याचा मेळ घालणं हे तिचं काम. मोबाइलवरचा हा खेळ असा, की एकदा मेलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी भुयार नव्याने रचलेलं. मघाशी दार होतं तिथे आता भिंत. नदी मात्र कुणाला चुकत नसे. कुठे ना कुठे ती आडवी यायचीच. उडीवाला एका झेपेत पार होई, ढालवाला ढालीवर बसून तरंगत जाई, जादूगार पाणीच गोठवून टाकी. बाळवालीच्या कडेवर बाळ होतं.

हे पात्र समतोलबाईनेच सुचवलेलं, बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर. साहेबांनी "वा, मातृत्वाचा सन्मान!" म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याच दमात सांगितलं होतं, की चारही पात्रांचा समतोल सिद्ध झाला तर तिची नोकरी कायम होईल, नाहीतर बाळवाली आणि ती, दोघींना एकदमच वगळण्यात येईल.

शंभर चाचण्यांत बाळवाली शंभर वेळा बुडाली.

"पूल द्या," ती बैठकीत म्हणाली. "एक लाकडी फळी पुरे."

नद्या, दऱ्या आणि भिंती नकाशेकाकांच्या अखत्यारीत होत्या. कंपनीत सगळ्यात जुने तेच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "फळी टाकली की उडीवालाही तिच्यावरूनच जाणार. मग त्याच्या उडीचं काय लोणचं घालायचं?"

"मग बाळवालीला बाळ क्षणभर खाली ठेवता येऊ दे. ती दोर बांधून येईल."

"बाळ खाली?" साहेब दचकले. "लोक काय म्हणतील? कसली आई ही! नको, नको. पूल द्या, पण पात्रता लावा. ज्यांना उडी येत नाही, त्यांनाच पूल."

पुलाच्या तोंडाशी एक पहारेकरी बसवण्यात आला. उडी येत नसल्याचा दाखला दाखवला, की तो बाजूला होई. दाखला मिळवायचा तर त्याच्यासमोर नदीवर उडी मारून दाखवायची. पडली, तर पात्र.

"पडली तर ती मरते, काका."

"मेल्यावर दाखला मिळतोच की. आपण काय अडवून ठेवतोय?"

दाखला मिळत होता, यात शंका नाही. पण मेलं की सगळं पहिल्यापासून. बाळवाली दाखला घेऊन नव्या भुयारातून धापा टाकत नव्या नदीशी पोचे, तेव्हा पहारेकरी म्हणे, "हा जुन्या नदीचा आहे." मग ती पुन्हा उडी मारून दाखवी.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! समतोलबाईने तीन आठवडे चपला झिजवल्या, सात अर्ज लिहिले आणि एकदाचा तो दाखला सर्व नद्यांना लागू करून घेतला. त्या दिवशी पाळणाघरातून पोरीला आणताना ती वाटभर गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी चाचणी खेळणाऱ्या जुन्या मंडळींचं निवेदन आलं. बाळवालीला आयता पूल मिळतो आणि आम्ही मात्र घाम गाळून उडी मारायची? साहेबांना ते पटलं. भरपाई म्हणून उडीवाल्याची उडी दोन घरं वाढवण्यात आली. उडी वाढल्यावर नदी फारच सोपी झाली, म्हणून नकाशेकाकांनी नदीही दोन घरं रुंद केली. ढालवाल्याला मोठी ढाल आणि जादूगाराला जास्त गारठा ओघानेच आला.

फळी तेवढीच राहिली.

"काका, पूल दोन घरं कमी पडतोय!"

"फळी सवलतीत येते, बाई. सवलत यंदा एकदा देऊन झाली." काकांनी चहाचा घोट घेतला. "आणि दोन घरांसाठी काय रडायचं? बाकीचे नऊ-नऊ घरं पार करतात."

बाळवाली आता दाखला दाखवून, ताठ मानेने, फळीच्या टोकापर्यंत चालत जाई आणि तिथून बुडे. तक्त्यात पुन्हा शंभरला शंभर. समतोलबाईला दिलेल्या मुदतीचा शेवटचा आठवडा उरला होता.

मार्ग साहेबांनीच काढला. "ती नदीत बुडते, हे तुमचं चुकीचं वर्गीकरण आहे. ती पुलावर चढते, पण पुलावरून उतरते का?"

"नाही. मध्येच..."

"म्हणजे ओलांडण्याची प्रक्रिया चालू आहे. प्रक्रिया चालू असलेल्यांना मृतांत कसं धरणार?"

नवा तक्ता झाला. बाळवाली: बुडालेल्या शून्य, प्रक्रियेत शंभर. असमतोलाचा एकही पुरावा नाही. साहेबांनी समतोलाचा दाखला पुढे सरकवला. "करा सही. तुमच्याच भल्याचं आहे."

फोन वाजला. पाळणाघराच्या बाई होत्या. "ताई, सगळी मुलं गेली हो. ही एकटीच दाराकडे बघत बसलीये."

समतोलबाईने सही केली.

खेळ बाजारात आला आणि गाजला. कडेवर बाळ घेतलेल्या त्या चित्राखाली लोकांनी डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलं. नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं, त्या दुपारी तिने खेळ उघडला. बोट बाळवालीवर गेलं, घुटमळलं. उगाच कशाला, असं म्हणून तिने उडीवाला निवडला. एका झेपेत पार! पलीकडे पाय टेकताच पडद्यावर प्रश्न आला: हा खेळ तुम्हाला समतोल वाटतो का?

तिने ‘होय’ दाबलं. तिच्याआधी शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी तेच दाबलं होतं. त्यात लबाडी नव्हती. तो प्रश्न फक्त पलीकडच्या काठावर विचारला जातो.

तुम्ही ही गोष्ट निवांत बसून वाचताय, म्हणजे तुम्हालाही तो कधीतरी विचारला गेला असणारच. तुम्ही काय दाबलंत?