क्विंबी हाऊसच्या सुधारित अटी

मार्चच्या पहिल्या सोमवारी क्विंबी हाऊस या वृद्धनिवासाच्या व्यवस्थापनाने सर्व रहिवाशांना कळवले, की यापुढे जेवणाची नोंद टॅबलेटवरूनच करावी लागेल आणि तत्पूर्वी निवासाच्या सुधारित अटी मान्य कराव्या लागतील. अटी सेहेचाळीस पानांच्या होत्या. खाली दोन बटणे होती : 'मान्य आहे' आणि 'नंतर विचारा'. नकाराची सोय नव्हती, कारण नकारामुळे वातावरण बिघडते, असे संचालक ब्रेंट यांचे मत होते.

मी या निवासात एकोणीस वर्षे कारकून होतो. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात एके काळी संगणकांची कंपनी होती. ती बुडाली आणि तिची माणसे म्हातारी होत होत आमच्याकडे आली. त्यांतले दोघे नामांकित. एकोणऐंशी साली 'हार्बर' नावाची ऑपरेटिंग सिस्टीम निघाली होती, जिच्यावर निम्म्या देशाची रुग्णालये चालत. ती घडवणाऱ्या आठजणांच्या तुकडीतले हे दोघे. बाकीच्यांचे म्हणाल तर तिघे वारले, एकाने कॅलिफोर्नियात द्राक्षे लावली, एकजण होडीत राहतो आणि एकजण 'हार्बर आम्ही कसे घडवले' यावर गावोगाव व्याख्याने देतो. त्याच्याकडे तेव्हा प्रिंटरमध्ये कागद भरायचे काम होते.

आमच्याकडच्या नॉर्मा विस्निएव्स्की आणि स्टॅन पेट्राकिस यांचे भांडण तेव्हापासूनचे. फाईल पुसण्याआधी संगणकाने 'तुमची खात्री आहे ना?' असे विचारावे, हा हट्ट नॉर्माबाईंचा. माणसाला आपल्याला काय हवे ते कळते, उगाच विचारून त्याचा अपमान करू नये, हे म्हणणे स्टॅनचे. अकरा दिवस बैठका चालल्या आणि बाई जिंकल्या. स्टॅनने त्या रागात एक रबरी शिक्का करून घेतला. गिऱ्हाइकाची तक्रार आली की तो तिच्यावर मारायचा : 'हे असेच अपेक्षित आहे.'

गुरुवारी आमच्याकडे शिंपल्यांचे सूप असते. त्यामुळे बुधवारी संध्याकाळपर्यंत बाहत्तरपैकी एकाहत्तर जणांनी अटी मान्य करून टाकल्या. नॉर्माबाई तेवढ्या बिस्किटांवर राहून वाचत बसल्या आणि गुरुवारी दुपारी चष्मा हातात घेऊन जेवणघरात आल्या.

"एकतिसावं पान वाचलंय का कुणी?" त्यांनी विचारले. "हो म्हटलं की संस्था आपल्याला तिच्या कुठल्याही इमारतीत हलवू शकते. आणि दुसरी इमारत एकच आहे. दीड हजार मैलांवर, नेब्रास्कात."

"अगं, सूप निवतंय," स्टॅन म्हणाला. "चाळीस-पंचेचाळीस वर्षं तू लोकांना खात्री विचारतेयस. कधी कुणी 'नाही' म्हणालंय?"

"तुझी नातवंडं दर रविवारी येतात इथे. आणि माझा पत्त्यांचा जोडीदार तू एकटाच उरलायस."

"म्हणून तर आपल्याला कुणी हलवणार नाही. माणसंच आहेत ना तीसुद्धा."

बाईंनी सगळ्यांच्या वतीने तक्रार केली. आठवड्याने उत्तर आले : 'हे असेच अपेक्षित आहे.' स्टॅनने ते दोनदा वाचले आणि वाक्य चांगले आहे म्हणाला. पण त्या दिवशी त्याने सूप दुसऱ्यांदा घेतले नाही. दुपारी तो गुपचूप ब्रेंटच्या खोलीत गेला.

"मला माझी मान्यता मागे घ्यायचीय."

"अवश्य, स्टॅन," ब्रेंट म्हणाला. तो कधीच आवाज चढवत नसे. "तुमचा तो हक्कच आहे. फक्त अर्ज मुख्य कार्यालयात स्वतः हजर राहून द्यावा लागतो."

"कुठे आहे ते?"

"नेब्रास्कात. तुमची जायची सोय आम्हीच करतोय."

एप्रिलात दोन बसगाड्या दाराशी लागल्या. बाईंना हलवता येईना, कारण त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. एक जरी रहिवासी असला तरी स्वयंपाकी आणि परिचारिका ठेवावीच लागते, असा नियम असल्याने ती दोघेही राहिली. कारकुनाचा नियमात उल्लेख नव्हता, आणि नोकरीला लागताना मीही कसल्याशा कागदावर सही ठोकली होती.

बस सुटण्यापूर्वी ड्रायव्हरने प्रवासाच्या अटींचा टॅबलेट मागे पाठवला. नॉर्माबाई सपाता घालून पायरीवर उभ्या होत्या.

"स्टॅन, या वेळी तरी वाच रे."

"चारच पानं आहेत, नॉर्मा. आणि मागची माणसं खोळंबलीयत," असे म्हणून त्याने बोट टेकवले, आणि मग गाव संपेपर्यंत तो खिडकीकडे पाठ करून बसला. मला फार वाईट वाटले. टॅबलेट माझ्याकडे आला तेव्हा मी बटण दाबून तो पुढे दिला.

इथे येऊन आता दोन महिने झाले. त्या चार पानांत काय होते ते अजून कुणाला ठाऊक नाही. स्टॅनचा अर्ज विचाराधीन आहे. नवीन रहिवाशांची यादी दर सोमवारी माझ्या टेबलावर येते. या आठवड्यात तीत तुमचे नाव आहे. काही चूक झाली असेल असे कृपया समजू नये. तुम्ही कोणत्या तारखेला, कोणत्या फोनवर 'मान्य आहे' दाबलेत, तेही सोबत जोडलेले आहे. येताना लोकरीचे कपडे आणावेत, इथे वारा फार असतो.