सात मिनिटांचा दवाखाना

डोळ्यांच्या दवाखान्यात यापुढे कुणालाही सात मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागणार नाही, असं इंजिनियरसाहेबांनी डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांनी संगणकात अख्खा दवाखाना उभा केला होता. प्रत्येक पेशंट म्हणजे एक स्वतंत्र वस्तू. तिला तिचं वय, तिचा आजार, तिची यायची वेळ. डॉक्टरीणबाईसुद्धा एक वस्तूच, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आतलं घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारायचं. पेशंट आला, आत गेला, बाहेर पडला. मधे काही घडतच नाही, मग तो वेळ चालवायचा कशाला?

दारावरच्या मावशी त्यात कुठेच बसेनात. वीस वर्षं त्या नंबर पुकारत होत्या. आता ते काम भिंतीवरचा पडदा करणार होता. सोमवारची चाचणी नीट पार पडली की मावशींना घरी बसवायचं ठरलं. त्या दिवशी त्यांना कोपऱ्यात खुर्ची दिली आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीदही.

पेशंट कमी पडायला नकोत म्हणून साहेबांनी स्वतःच्या वडिलांनाही आणलं. तिथेच घात झाला. वडिलांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी शेजारच्या आजींना पुढे व्हायला सांगितलं. आजींना संकोच वाटला. त्यांनी मागच्या मास्तरांना आग्रह केला. मास्तर तरी सभ्यपणात का कमी पडतील! बघता बघता अख्खी रांग एकमेकांना पुढे करू लागली आणि पडदा आपला नंबर बदलत राहिला. आत डॉक्टरीणबाई रिकाम्या, बाहेर एकतीस माणसं खोळंबलेली. साहेबांनी वडिलांना दोनदा दटावलं, तर ते आणखीच नम्र झाले.

तासाभराने मावशींना राहवेना. त्या उठल्या आणि वडिलांशेजारी जाऊन बसल्या.

"हे सभ्यपणा करत नाहीयेत, साहेब," त्या म्हणाल्या. "घाबरलेत. ऑपरेशन सांगतील म्हणून."

साहेबांना हे ठाऊक नव्हतं. आई गेल्यापासून बाबांना कशाकशाची भीती वाटते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. मावशी वडिलांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेल्या आणि पाठोपाठ रांग मुकाट्याने सरकू लागली.

मावशी हव्यातच, असं साहेबांनी अहवालात लिहून दिलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्या संगणकात त्या बसणार कुठे?

"आम्ही जो वेळ गाळतो ना," साहेब म्हणाले, "त्यात."

संध्याकाळी वडील डोळ्यांत औषध घालून पडले होते. ऑपरेशन ठरलं होतं, आणि मावशी त्या दिवशी सोबत थांबणार होत्या.

"बाई कामाची आहे रे," ते मुलाला म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि तू काय करतोस तिथे?"